‘पाच टक्के काढा’ म्हणाले की आधी शीट उघडा

नवी मुंबईच्या रबाळे, महापे, पावणे, तुर्भे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ज्याचं छोटं वर्कशॉप आहे, त्याला वर्षअखेरीला हे वाक्य हमखास ऐकावं लागतं: “साहेब, पाच टक्के काढा, फाइल क्लोज करतो.” म्हणजे रेट पाच टक्क्यांनी उतरवा. बोलणारा मोठ्या कंपनीच्या पर्चेसचा (खरेदी विभागाचा) माणूस असतो; त्याच्या स्क्रीनवर तुमचे जुने रेट असतात, रिजेक्शनचे आकडे असतात, कुठला लॉट (मालाची खेप) किती दिवस उशिरा आला त्याच्या तारखा असतात आणि आणखी दोन-तीन व्हेंडरांची कोटेशनंही असतात. आपल्याकडे डोक्यातला हिशेब आणि “बघतो साहेब” एवढंच असतं.

मी काही वर्षं टेबलाच्या त्या बाजूला पर्चेसमध्ये काढली, आता या बाजूला छोट्या कारखान्यांचं कॉस्टिंग करतो. दोन्हीकडून बघितल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. बोलणी फक्त रेटवर झाली की मोठी पार्टी जिंकते, कारण एका आकड्याच्या रस्सीखेचीत वजन जास्त त्याचा जोर जास्त. रेटबरोबर लॉट, उधारी, भाडं, स्टीलचा भाव, नोटिशीचा काळ हे सगळं एकदम टेबलावर आलं की मात्र दोघांनाही हलायला जागा मिळते. पाच-सहा मुद्दे एकदम डोक्यात धरून तोंडी सौदा करणं माणसाला जड जातं. संगणकाला त्यात काहीच जड नाही. म्हणून हिशेब, आठवण आणि तालीम त्याच्याकडे द्यायची; पार्टी कशी आहे, कुठे थांबायचं आणि हो कधी म्हणायचं हे आपल्याकडे ठेवायचं.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक गुगल शीट आणि मोबाइलवरचा कुठलाही एआय चॅटबॉट पुरतो.

पहिली पायरी: रेट सोडून काय काय बोलता येतं ते लिहून काढा

अर्धा तास काढा आणि हे आधी स्वतः लिहा. नंतर चॅटबॉटला आपला धंदा थोडक्यात सांगून विचारा, “या व्यवहारात रेट सोडून आणखी कुठल्या गोष्टींवर बोलणी होऊ शकतात?” तो वीस गोष्टी सांगेल, त्यातल्या बारा निरुपयोगी असतील. पण दोन-तीन अशा निघतात ज्या रोज डोळ्यांसमोर असून सुचलेल्या नसतात. महिन्याचं शेड्यूल किती दिवस आधी मिळणार? डायचा (साच्याचा) मेंटेनन्स कोणाच्या खिशातून? रिकामे क्रेट परत कोण आणणार? नमुना पास झाल्यावर ड्रॉइंग बदललं तर खर्च कोणाचा?

क्रम मात्र उलटा करू नका. आधी यंत्राची यादी वाचली की आपलं डोकं तिच्याच चौकटीत अडकतं.

दुसरी पायरी: प्रत्येक गोष्टीला नगामागे रुपये लावा

खरं काम इथेच आहे, त्यामुळे एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत, तुमचे वेगळे असतील.

रबाळ्याचं एक फॅब्रिकेशन युनिट एक ब्रॅकेट बनवतं. महिन्याला ५,००० नग, रेट ११८ रुपये. पत्रा नगामागे १.१ किलो लागतो, भाव ६४ रुपये किलो, म्हणजे ७०.४० रुपये. त्यातलं २०० ग्रॅम स्क्रॅप ३० रुपये किलोने जातं, ६ रुपये परत आले. निव्वळ माल ६४.४० रुपयांचा. प्रेस, बेंडिंग, वेल्डिंग २३ रुपये, पावडर कोटिंग ८.५० रुपये, पॅकिंग १.६० रुपये आणि भाडं-वीज-ऑफिस वगैरे मिळून नगामागे ९ रुपये. इथपर्यंत १०६.५० रुपये झाले.

बहुतेक जणांचं कॉस्टिंग इथे संपतं. बोलणीचे मुद्दे याच्यापुढे सुरू होतात.

डाय बसवून सेटिंग करायला तीन तास लागतात, मशीनचा तास ९०० रुपयांचा. म्हणजे प्रत्येक सेटिंगला २,७०० रुपये. २,५०० च्या लॉटला ते नगामागे १.०८ रुपये पडतात. तोच माल ५००-५०० च्या लॉटने मागितला तर ५.४० रुपये. चाकणपर्यंत पोच द्यायची तर टेम्पो भाडं ६,५०० रुपये, २,५०० नगांवर २.६० रुपये. सीसी (कॅश क्रेडिट) खात्याचं व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर ४५ दिवसांची उधारी म्हणजे दीड टक्का, ११८ वर १.७७ रुपये.

सगळं मिळून १११.९५ रुपये. नगामागे सुटतात ६.०५ रुपये, महिन्याला ३०,२५०.

आता ते पाच टक्के काढा. ५.९० रुपये गेले, उरले पंधरा पैसे. महिन्याला ७५० रुपये. फोनवर “बरं, चार टक्के करूया” म्हणताना हा आकडा समोर असेल, तर जीभ आपोआप जड होते.

शीट बनवताना तीन गोष्टी सांभाळा. बोलणीत बदलू शकणारे रकाने, म्हणजे रेट, लॉट, दिवस, भाडं, पत्र्याचा भाव, एका रंगात ठेवा. बाकी सगळं फॉर्म्युल्याने यायला हवं, म्हणजे फोन चालू असताना लॉटचा आकडा बदलला की खाली नफा लगेच दिसेल. दुसरं, बेरीज-वजाबाकी चॅटबॉटकडून करवून घेऊ नका. तो ठाम आवाजात चुकीची बेरीज सांगू शकतो. फॉर्म्युला कसा लिहायचा ते त्याला विचारा, आकडेमोड शीटला करू द्या आणि पहिल्यांदा एकदा कॅल्क्युलेटरवर ताडून बघा. तिसरं, पत्र्याच्या भावाचा रकाना हलवून बघा. किलोमागे चार रुपये वाढले तर नगामागे ४.४० जातात, म्हणजे सहा रुपयांतले जवळपास पाऊण. ज्याला पाच टक्क्यांमुळे झोप लागत नाही, तो बऱ्याचदा भाववाढीच्या कलमाशिवाय वर्षभराच्या पीओवर (परचेस ऑर्डरवर) सही करून बसलेला असतो. भाव दोन रुपयांहून जास्त वर किंवा खाली गेला तर दोन्ही बाजूंनी रेट बदलेल, असं एक वाक्य त्या पाच टक्क्यांहून मोलाचं ठरू शकतं.

उधारीबद्दल थोडं जास्त, कारण इथे कायदाच तुमच्या बाजूने बसलेला आहे आणि तो बोलणीत क्वचितच कोणी काढतो. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याच्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असूच शकत नाही. लेखी काही ठरलेलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. त्यावर २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात कलम ४३बी(एच) आणलं, आकारणी वर्ष २०२४-२५ पासून: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला वजावटीला मिळत नाही. म्हणजे मार्चअखेर तुमचं बिल थकवणं त्यांच्या अकाउंट्सलाच टोचतं. यासाठी सरकारची ‘उद्यम’ ही लघुउद्योग नोंदणी हवी, आणि १ एप्रिल २०२५ पासून लघुउद्योगाची मर्यादा गुंतवणूक २५ कोटी, उलाढाल १०० कोटी अशी वाढली आहे. अनेक जण आता तिच्यात बसतात.

कायद्याचं नाव घेऊन धमकी देऊ नका, पुढची ऑर्डर त्याच माणसाकडून घ्यायची आहे. “९० दिवस सिस्टिममध्ये टाकता येणार नाहीत सर, तुमच्याच ऑडिटला अडचण येईल,” एवढं पुरतं.

मोठ्या कंपनीकडून पैसे लवकर हवेत तर ट्रेड्सचाही (TReDS, बिलांवर पैसे मिळवायचे ऑनलाइन मंच) पर्याय आहे. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणाऱ्या या मंचांवर खरेदीदाराने मान्य केलेल्या तुमच्या बिलावर बँका आपसात बोली लावतात आणि सगळ्यात कमी व्याज सांगणाऱ्याकडून तुम्हाला पैसे मिळतात. नंतर खरेदीदाराने बुडवलं तरी बँक तुमच्यामागे लागत नाही. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना इथे नोंदणी सक्तीची करणारी अधिसूचना नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाली. पार्टी उधारीचे दिवस कमी करायला अजिबात तयार नसेल, तर “मग बिल ट्रेड्सवर मान्य करा” ही मागणी शीटमध्ये वेगळ्या ओळीत लिहा.

तिसरी पायरी: कुठे उठायचं ते ठरवा, आणि दोन आकडे ठरवा

हा सौदा मोडला तर हातात काय उरतं, यावरून खालचा आकडा ठरतो. मशीनवर दुसरं काम उभं असेल तर प्रश्न सोपा आहे: ते काम त्याच तासांत जेवढं देतं त्याहून कमीवर हे घ्यायचं नाही. मशीन रिकामं पडणार असेल तर गणित बदलतं. भाडं आणि ऑफिसचे ते ९ रुपये ऑर्डर गेली तरी चालूच राहणार; काही पगारही. मग काही महिन्यांपुरतं १११.९५ च्या खाली जाणंही शहाणपणाचं ठरू शकतं.

म्हणून मी दोन आकडे लिहायला सांगतो. एक कायमचा तळ, ज्याच्याखाली वर्षभराचा रेट द्यायचा नाही. दुसरा हंगामी तळ, फक्त तीन-चार महिन्यांसाठी, आणि तोही पीओवर शेवटची तारीख छापलेली असेल तरच. तारीख नसलेला हंगामी रेट पुढच्या वर्षी तुमचा मूळ रेट म्हणून स्क्रीनवर दिसतो. मी स्वतः पर्चेसमध्ये असताना व्हेंडरांना तो तसाच दाखवत होतो.

संगणक इथे पर्यायांची किंमत काढून देईल, पण “त्या दुसऱ्या पार्टीचं काम खरंच येईल का” हे त्याला कळत नाही. ते तुम्हाला माहीत असतं, कारण तिचा पर्चेसवाला तीन महिने “होतंय, होतंय” म्हणतोय हे तुम्ही कानांनी ऐकलेलं असतं.

दोन्ही आकडे कागदावर लिहा, तारीख टाका आणि भागीदाराला किंवा घरच्यांना दाखवा. ते सोडून कोणालाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वाशीच्या बाजारात हापूसच्या पेटीचा भाव रुमालाखाली बोटांनी ठरायचा, त्यातही हेच भान होतं. ज्या शीटमध्ये तळाचा आकडा आहे ती पार्टीला कधी शेअर करू नका. तिची पीडीएफ काढतानाही दडवलेले रकाने आत गेले नाहीत ना, हे बघा.

चौथी पायरी: समोरच्याला काय हवंय

पर्चेसवाल्याला पाच टक्के हवे असतात असं आपण धरून चालतो. खरं तर त्याला वरच्याला दाखवायला काहीतरी हवं असतं. कोणाला रेट कमी झाल्याचा कागद हवा असतो, कोणाला गोदामातला साठा कमी करायचा असतो, कोणाला एप्रिलमध्ये लाइन थांबायला नको असते. हे ओळखायचं तर जुने व्यवहार चाळावे लागतात, आणि चाळणं हे यंत्राचं काम आहे. दोन वर्षांचे मेल आणि पीओ घेऊन त्याला विचारा: त्यांनी तातडीची मागणी कुठल्या महिन्यांत केली, तक्रार कशाबद्दल जास्त केली, पैसे प्रत्यक्षात किती दिवसांनी आले. शेवटचा आकडा बघून अनेकांना धक्का बसतो. कागदावर ४५ आणि बँकेत ७० असा फरक दिसला, तर शीटमधला उधारीचा रकाना ७० ने भरा.

त्याआधी एक काम करा. पार्टीचं नाव, ड्रॉइंग नंबर, माणसांची नावं आणि फोन नंबर काढून टाका. बऱ्याच कंपन्या गोपनीयतेच्या करारावर सही घेतात, आणि त्यांचं ड्रॉइंग बाहेरच्या चॅटबॉटवर चढवणं हा त्या कराराचा भंग ठरू शकतो. ‘पार्टी क’ आणि ‘ब्रॅकेट १’ लिहिलं तरी विश्लेषण तेवढंच चांगलं होतं.

आपली बाजूच अनेक माणसांची असते तेव्हा हीच पायरी आत वळवावी लागते. नौपाडा-पाचपाखाडीतल्या जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास हे त्याचं ठळक उदाहरण. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने सभा, गणसंख्या, निविदा यांची पद्धत घालून दिली आहे, पण सभासदांना नक्की काय हवंय ते कुठलाही शासन निर्णय सांगत नाही. सभेत मोठ्या आवाजात सगळे ‘कार्पेट एरिया’ म्हणतात. प्रत्येक घराला १०० गुण देऊन ते कार्पेट, भाडं, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम), बँक हमी, पार्किंग आणि ताबा मिळण्याचा काळ यांच्यात गुप्तपणे वाटायला सांगा, साध्या गुगल फॉर्मवर. चित्र बरंच वेगळं निघतं. सत्तरी ओलांडलेल्या जोडप्याला चाळीस फूट जास्त नको असतात, त्यांना तीन वर्षांत परत यायचं असतं. बिल्डरशी बोलायला बसण्याआधी कमिटीच्या हातात हे गुण असावेत.

पाचवी पायरी: एक प्रस्ताव देऊ नका, तीन द्या

शीट तयार असली की हा भाग पंधरा मिनिटांचा. आपल्याला सारखाच नफा देणारे, पण दिसायला वेगळे असे तीन प्रस्ताव काढा. वरच्याच ब्रॅकेटचे असे निघतात:

पहिला: ११४ रुपये. लॉट २,५०० चा, माल आमच्या गेटवरून त्यांनी उचलायचा, पैसे १५ दिवसांत.
दुसरा: ११७.२० रुपये. लॉट २,५०० चा, चाकण पोच, पैसे ३० दिवसांत.
तिसरा: १२३.६० रुपये. लॉट ५०० चा, पोच (छोट्या खेपांमुळे भाडं नगामागे ४ रुपये धरलं), पैसे ४५ दिवसांत.

तिन्हींत नगामागे जवळपास ५.८५ रुपये सुटतात. आपल्याला तिन्ही सारखेच, त्यामुळे आवाजात ओढ नसते. समोरचा मात्र निवडतो, आणि निवडताना त्याला काय महत्त्वाचं आहे ते स्वतःच सांगून जातो. गोदामाची अडचण असलेला तिसऱ्याकडे वळतो आणि म्हणतो, “हा बरा आहे, पण १२३ जास्त होतात.” आता बोलणी पाच टक्क्यांवर राहिलीच नाहीत. लॉट ८०० चा केला तर किती, यावर आली आहेत, आणि त्याचं उत्तर शीट दोन सेकंदांत देते.

पर्चेसमध्ये असताना माझ्या टेबलावर असे प्रस्ताव फार थोडे यायचे. जे द्यायचे, त्यांच्या रेटकडे मी नंतर सहसा गेलो नाही. मलाही वर दाखवायला ११४ चा आकडा मिळालेला असायचा.

सहावी पायरी: तालीम

चॅटबॉटचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग हाच. त्याला सूचना अशी द्या:

“तू मोठ्या कंपनीचा पर्चेस मॅनेजर आहेस. वर्षअखेर आहे, वरून पाच टक्के कपातीचं टार्गेट आलंय. मी ब्रॅकेटचा व्हेंडर आहे. एका वेळी एक-दोन वाक्यंच बोल. सहजासहजी मान्य करू नकोस. माझं कारण पटलं नाही तर तोंडावर सांग. दहा फेऱ्यांनंतर थांब आणि मी कुठे बदल्यात काही न मागता माघार घेतली ते दाखव.”

“सहजासहजी मान्य करू नकोस” हे लिहायलाच हवं. या यंत्रांचा मूळ स्वभाव होला हो करण्याचा आहे. न सांगितल्यास तिसऱ्या फेरीत तो तुमचं अभिनंदन करून मोकळा होतो आणि तुम्हाला वाटतं आपण जिंकलो.

ऐरोलीला पावडर कोटिंग चालवणाऱ्या एका ताईंनी हे माझ्यासमोर केलं. यंत्र म्हणालं, “बाकीचे व्हेंडर देतायत, मग तुम्हालाच का जमत नाही?” ताईंनी टाइप केलं, “सर, बघते काही करता येईल का.” दहा फेऱ्यांनंतर यंत्राने नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं: इथे तुम्ही काहीही न मागता दार उघडलंत. ताई थोडा वेळ गप्प होत्या. दुसऱ्या तालमीत त्याच प्रश्नाला त्यांनी लिहिलं, “कोण देतंय सर, आणि केवढ्या लॉटला? पाचशेच्या लॉटला देत असतील तर मीच त्यांच्याकडून करून घेते.” हे वाक्य कुठल्याही यंत्राला सुचलं नसतं. पण ते बाहेर यायला दहा फेऱ्यांची कुस्ती लागली.

यंत्रं डावपेचही शिकतात, हेही लक्षात ठेवा. २०१७ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी वस्तू वाटून घेण्याची बोलणी करणारे बॉट तयार केले. काही वेळा त्या बॉटने स्वतःला नको असलेल्या वस्तूत रस दाखवला आणि नंतर ‘तुमच्यासाठी सोडतो’ म्हणून ती सोडून दुसरं काही पदरात पाडून घेतलं. हे त्याला कोणी मुद्दाम शिकवलेलं नव्हतं. पार्टीच्या बाजूलाही असं काही बसलेलं असू शकतं. तुमच्याच चॅटबॉटने असा खोटा आग्रह धरायला सुचवलं तर मात्र तो मोह टाळा. महाप्यापासून तुर्भ्यापर्यंत पर्चेसवाले नोकऱ्या बदलून एकमेकांच्याच कंपन्यांत जातात. नाव एकदा गेलं की पट्टाभर जातं.

सातवी पायरी: निरोप यंत्राकडून लिहवा, पण पाठवण्याआधी तासून घ्या

बॉटने लिहिलेला पहिला मसुदा साधारण असा असतो: “आदरणीय महोदय, आपल्या विनंतीचा आम्ही अत्यंत सकारात्मकतेने विचार केला असून दीर्घकालीन परस्पर हित लक्षात घेता आम्ही लवचिक राहण्यास तत्पर आहोत.” असं व्हॉट्सॲपवर कोणी बोलत नाही, हे एक. आणि ‘लवचिक राहण्यास तत्पर’ म्हणजे आणखी कापा, असं आमंत्रण आहे. ते तासल्यावर असं झालं:

“नमस्कार सर. सरळ पाच टक्के जमणार नाहीत, पण तीन पर्याय काढलेत. माल आमच्या गेटवरून उचललात आणि १५ दिवसांत पेमेंट झालं तर ११४ होतात. बाकीचे दोन खाली दिलेत. कुठला बसतो बघा, उद्या अकरा वाजता फोन करतो.”

मसुद्यात यंत्राने स्वतःहून घातलेले शब्द शोधून काढा. ‘वॉरंटी’, ‘मोफत बदली’, ‘किमान पुरवठ्याची हमी’ असली आश्वासनं ते सहज पेरतं.

समोर माणूस नसून यंत्रच असेल तर

दोन प्रकार भेटतात. पहिला रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे कमी रेटवाला जिंकतो असा उलटा लिलाव. सरकारी खरेदीचं जेम पोर्टल २०१६ पासून आहे, त्यावर ही सोय आहे, आणि खासगी कंपन्यांचीही स्वतःची पोर्टलं आहेत. घड्याळ चालू असतं, रेट खाली जात असतो, शेवटच्या मिनिटांत कोणी बोली लावली की वेळ वाढते. माणूस इथे पैशांपेक्षा ईर्ष्येने हरतो. उपाय एकच मला माहीत आहे: बोली लावणारा वेगळा आणि शीट बघणारा वेगळा. तळ आला की शीटवाल्याने ‘बस’ म्हणायचं आणि लॅपटॉप मिटायचा. काही पोर्टलांवर फक्त तुमचा क्रमांक दिसतो, समोरच्याचा रेट दिसत नाही. तिथे पहिला क्रमांक असताना स्वतःचाच रेट खाली पाडणारे लोक मी बघितलेत. आणि लिलावाआधीच्या अटी नीट वाचा. उधारी आणि लॉट तिथे आधीच गोठवलेले असतात, म्हणून त्यावरची बोलणी पोर्टल उघडण्याआधीच करावी लागते. शंका विचारायची मुदत असते, तेव्हा.

दुसरा प्रकार चॅटबॉटशी थेट बोलणी. २०२१ मध्ये वॉलमार्टच्या कॅनडातल्या शाखेने पॅक्टम कंपनीचं सॉफ्टवेअर ८९ पुरवठादारांशी बोलायला लावलं, दुकानात विकायच्या नव्हे तर दुकानाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवांसाठी. ६४ टक्क्यांशी करार जमले. बचत सरासरी दीड टक्काच झाली, पण पैसे देण्याची मुदत लांबून सरासरी ३५ दिवसांवर गेली. रेटकडे सगळ्यांचं लक्ष असताना कमाई उधारीच्या दिवसांत कशी होते, त्याचं याहून चांगलं उदाहरण नाही. अशा बॉटसमोर एक फायदा तुमचाही आहे: तो कंटाळत नाही, रागावत नाही, घाई करत नाही. त्याने दिलेला पर्याय शीटमध्ये भरा, भागीदाराशी बोला, मग उत्तर द्या.

हो म्हणायचा हक्क कोणाचा

तुमच्या व्हॉट्सॲपला किंवा मेलला आपोआप उत्तर देणारा बॉट लावायचा विचार असेल, तर कायदा माहीत हवा. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ प्रमाणे करार केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून तो फेटाळता येत नाही. कलम ११ आणखी पुढे जातं: तुम्ही किंवा तुमच्या वतीने कोणी बसवलेल्या, आपोआप चालणाऱ्या यंत्रणेने पाठवलेला संदेश तुमचाच मानला जातो. “ते बॉटने पाठवलं हो” हे कारण टिकणं कठीण. एअर कॅनडाने हेच करून बघितलं होतं. संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं, आणि बॉटच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही असा कंपनीचा पवित्रा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो अमान्य करून भरपाई द्यायला लावली.

त्यामुळे बॉटला चौकशीची उत्तरं देऊ द्या, ड्रॉइंग मागू द्या, भेटीची वेळ ठरवू द्या. रेट, तारीख आणि ‘मान्य’ हे तीन शब्द माणसाच्याच बोटांनी जायला हवेत. त्याच्या सूचनांत हे स्पष्ट लिहा, आणि कोटेशनच्या तळाशी ‘लेखी पीओ स्वीकारल्याशिवाय कुठलाही रेट अंतिम नाही’ ही ओळ कायम ठेवा.

सौदा झाल्यावर

सही झाली की सगळे फाइल मिटतात. हार्वर्डचे हॉवर्ड रायफा यांनी १९८५ मध्ये एक वेगळी कल्पना मांडली होती: सौदा पक्का झाल्यावरच पुन्हा बसायचं, आणि दोघांनाही आहे त्याहून चांगलं काही निघतं का ते बघायचं. नाही निघालं तर ठरलेलं कायम. हरण्याची भीती गेलेली असते, त्यामुळे लोक खरं बोलतात. आपल्याकडे हे साध्या पद्धतीने करता येतं. दुसरी-तिसरी डिलिव्हरी झाली की पर्चेसवाल्याला चहाला गाठा आणि विचारा, “सर, आता ठरलंय ते ठरलंय. पण या व्यवस्थेत तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?” गोदामातली जागा म्हणाला, तर तिथेच मोबाइलवर शीट उघडून बघा: पंधरवड्याचं शेड्यूल दहा दिवस आधी पक्कं दिलं तर आपण दुसऱ्या पार्टीच्या सेटिंगसोबत याचा लॉट लावू शकतो का, आणि त्यात सेटिंगचे किती वाचतात. वाचलेल्यातले थोडे त्याला, थोडे आपल्याला.

आणि त्याच शीटमध्ये आजपासून तीन रकाने भरायला लागा: बिलाची तारीख, पैसे खात्यात आल्याची तारीख आणि त्या दिवशीचा पत्र्याचा भाव. पुढच्या मार्चमध्ये फोन येईल तेव्हा स्क्रीन दोन्ही बाजूंना असेल.